पदवीची गोधडी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या घरांत गोधडी देण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. बाळ जन्मलं की आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं होतं. मुलीचं लग्न ठरलं की भांड्याकुंड्यांबरोबर गोधड्यांचीही बेगमी सुरू होते. पोर आश्रमशाळेत, वसतिगृहात किंवा कामाला मुंबईला निघालं की ट्रंकेबरोबर अंथरुणाची वळकटी बांधून दिली जाते. गेल्या दोन-तीन पिढ्यांत मात्र इथल्या आयुष्यात आणखी एक टप्पा आला. जुन्नरला शिवछत्रपती महाविद्यालय झालं, ओतूरला वाघिरे महाविद्यालय झालं, मंचरला आवटे महाविद्यालय झालं, घोडेगावातही पदवीपर्यंत शिकायची सोय झाली, आणि ज्या घरात कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं तिथे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली मुलं दिसू लागली. त्या दिवशी पेढे वाटले जातात, फोटो निघतात, ऐपत असेल तर मोबाइल घेतला जातो. घराच्या हातचं मात्र काही दिलं जात नाही. माझं म्हणणं असं आहे की, या टप्प्याला गोधडी द्यावी, आणि बारसं किंवा लग्न यांपेक्षाही तिची खरी जागा इथेच आहे. जन्म कुणी कमावत नाही. लग्नही बहुतेक वेळा दोन घरांच्या सोयीने जमतं. पदवी मात्र कमवावी लागते, आणि ती एकट्याने कमावता येत नाही. ज्यांनी ती मिळून कमावली त्यांचा वाटा नोंदवायला कागदावर जागा नसते. तो वाटा कापडावर नोंदवता येतो.

हा वाटा किती मोठा असतो ते या दोन तालुक्यांचा नकाशा नीट पाहिला तरी कळतं. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं पावसाळ्यात भात लावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा गोळा करतात. महाविद्यालयाची फी, खोलीचं भाडं, एस.टी.चा पास यांतला पैसा अनेक घरांत त्या हिरड्यातूनच आलेला असतो. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर कांदा, टोमॅटो, ऊस उभा राहतो, आणि तो लावायला, खुडायला, भरायला पहाटेपासून बायका रानात असतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव पडले की मुलाच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे कुठून भरायचे, हा प्रश्न घरात त्याच रात्री उभा राहतो. या गावांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. कुणी गिरणीत लागले, कुणी बाजारात हमाली केली, कुणी डबे पोहोचवले. मुंबईच्या डबेवाल्यांत जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ इथली माणसं मोठ्या संख्येने आहेत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे कित्येकांना गावी परतावं लागलं, तेव्हा शाळेत असलेल्या मुलांचं शिक्षण घरातल्या बायकांच्या मजुरीने पुढे रेटलं. ही सगळी माणसं पदवीच्या कागदावर कुठे आहेत? कागदावर एकाच माणसाचं नाव असतं. आता सरकारी कागदांवर आईचंही नाव येतं, आणि ते चांगलंच झालं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावणं महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केलं. पण तिथे आईचं नाव मुलाची ओळख पटावी म्हणून येतं. तिने काय केलं, ते त्यातून कळत नाही.

असा न नोंदलेला वाटा आपल्या शिक्षणाच्या इतिहासातही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या पोटाची सोय करताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. मंचरचं महाविद्यालय त्याच रयतेचं आहे. लक्ष्मीबाईंची गोष्ट आपल्याला माहीत आहे, कारण त्या एका थोर माणसाच्या पत्नी होत्या. ज्यांच्या गळ्यातली डोरली सावकाराच्या तिजोरीत गेली आणि ज्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, अशा बायका प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींना स्वतःला लिहिता येत नाही. मुलाच्या शिक्षणात आपलं काय गेलं, याचा कागद त्या करू शकत नाहीत. टाका मात्र त्यांना घालता येतो, आणि तो कुणाहीपेक्षा चांगला घालता येतो.

म्हणून गोधडी कशी होते ते जरा सावकाश पाहायला हवं. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन जोडले की गोधडीचे वरचे आणि खालचे दोन थर निघतात. आतल्या थरांना धोतर, पंचा, सदरा, परकर, जुन्या चादरी, काहीही चालतं, फक्त ते सुती हवं आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. नवं कापड कडक असतं. त्याची गोधडी अंगाला बिलगत नाही आणि पहिल्या धुण्यात आटते. थर जमिनीवर अंथरून, ताणून, कडांना दगड ठेवून सुरकुती काढली जाते. मग लांब लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांना धरून ठेवले जातात. पक्का धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चारी बाजूंनी फिरत आत आत येतो. चारजणी चार बाजूंना बसल्या तर काम लवकर उरकतं आणि ताणही सारखा राहतो. टाके जितके बारीक आणि जवळ, तितके थर एकजीव होतात, आणि थरांमध्ये अडकलेली हवा तितकी जागच्या जागी राहते. ऊब त्या हवेची असते. शिवनेरीच्या पायथ्याला किंवा आहुपे-भीमाशंकरच्या कडेला पौष महिन्यात जी थंडी पडते, तिला अशी एक गोधडी पुरते. सुती असल्यामुळे ती घाम पिते, आणि नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुवायला निघतात, तेव्हा ती कितीही आपटली तरी उसवत नाही.

आता या वस्तूत किती गोष्टी लिहिल्या जातात ते पाहा. कुठलं लुगडं कुणाचं, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. हा हिरवा काठ आजीचा. हे निळं पातळ आई कांदे काढायला जाताना नेसायची. हा खाकी तुकडा चुलत्याच्या गिरणीतल्या पँटचा. हे पांढरं मांजरपाट आजोबांच्या कोपरीचं. पदवीसाठी करायची असेल, तर त्यात शाळेच्या गणवेशाचा तुकडाही हवा. टाक्यांवरूनही माणूस ओळखू येतो: एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा लांबट, डोळ्यांनी कमी दिसू लागलेल्या म्हातारीचा वाकडा. हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या घरात ती गोधडी वापरली जाते, ते घर ती वाचू शकतं. पदवीचा कागद वाचायला मात्र लिहिता-वाचता यावं लागतं, विद्यापीठाचा शिक्का आणि श्रेणींचे प्रकार माहीत असावे लागतात. ज्यांनी ती पदवी शक्य केली त्यांना तो वाचता येत नाही, हे मला मनापासून लागतं. म्हणून पदवीच्या कागदाशेजारी घरालाही वाचता येईल अशी एक वस्तू असावी.

देणाऱ्याचं नाव देणगीवर कोरण्याची रीत या भूमीला नवी नाही. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत कुणी काय दिलं ते लिहून ठेवलेलं आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याचं टाकं आणि मंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींचे, म्हणजे व्यवसाय-संघांचे, उल्लेख तिथे आहेत. या यादीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं की, देणग्या बहुतेक वापरायच्या आहेत. पाणी प्यायचं टाकं, जेवायला बसायची जागा, झोपायची खोली. नुसतं पाहून ठेवायचं असं त्यांत फार थोडं आहे. नाव कोरलं गेलं ते वस्तूच्या उपयोगाच्या आधाराने. नाशिकच्या लेण्यांतही नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवराची सोय केली. म्हणजे कापड देणं हेही त्या काळी दगडावर कोरून ठेवण्याइतकं मोलाचं मानलं गेलं. गोधडीच्या कोपऱ्यात चार जणींची नावं आणि साल सुईने भरलं, तर ते या जुन्या रीतीला धरूनच होईल. एरवी आपल्याकडे बायका गोधडीवर नाव घालत नाहीत. या गोधडीवर मात्र आवर्जून घालावं. जिला लिहिता येत नाही तिचं नाव पदवीधर पोराने खडूने आखून द्यावं आणि तिने त्यावरून दोरा फिरवावा.

कागदाचीही एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. इथल्या कागदी समाजाने केलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत वापरला जाई. हातकागद फाटक्या, टाकून दिलेल्या वस्तूंतून होतो. पुण्यात १९४०पासून चालत आलेली हातकागद संस्था सुती चिंध्यांच्या लगद्यापासूनच कागद करते. तेव्हा ज्याला आपण प्रतिष्ठेचा कागद म्हणतो त्याची आणि गोधडीची जात एकच आहे. दोन्ही जुन्या कापडाला दुसरा जन्म देतात. एकावर शिक्का बसला म्हणून तो चौकटीत गेला आणि दुसरी माळ्यावर गेली, एवढाच फरक आपण केला.

मुलींच्या बाबतीत या सगळ्याला आणखी धार येते. मुलीला गोधड्या मिळतातच, पण लग्नात. त्या सासरी जातात, तिथल्या अंथरुणांत मिसळतात, आलेल्या पाहुण्यांखाली घातल्या जातात. त्या तिच्या माहेराने सासरला दिलेल्या असतात, तिला दिलेल्या नसतात. पदवीच्या दिवशी दिलेली गोधडी तिच्या कामासाठी तिला दिलेली असेल, तिच्या नावाने, आणि लग्नाच्या यादीत न धरता. घराने आपल्या लेकीला नुसतं शिकली म्हणून काही दिलं, हे या तालुक्यांत अजून क्वचित घडतं. शिकवतात, त्यासाठी झीजही सोसतात, पण मनात कुठेतरी चांगलं स्थळ येईल हा हिशेब असतो. तो हिशेब मोडायला मोठी भाषणं लागत नाहीत. लग्नाच्या अगोदर, लग्नाशी काही संबंध नसताना, तिच्या हातात तिची म्हणून वस्तू द्यावी लागते. गोधडी ही माहेरची सगळ्यांत ओळखीची खूण आहे. तीच पदवीला दिली, तर तिचा अर्थ आपोआप बदलतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, गोधडी ही गरिबीची खूण आहे आणि शिकलेल्या मुलाला ती देणं म्हणजे ज्यातून तो बाहेर पडला तेच पुन्हा त्याच्या अंगावर घालणं. हा आक्षेप हलका नाही, आणि त्याचं उत्तर देताना गरिबीला गोडवा चढवणं मला पटत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यानंतर फाटक्या कपड्यांकडे, उतरलेल्या वस्तूंकडे नुसतं सौंदर्य म्हणून पाहणं मराठी वाचकाला शक्य राहिलेलं नाही. दुसऱ्याची उतरलेली चिरगुटं अंगावर घ्यावी लागणं हा अपमान होता. थंडीत चार भावंडांनी एकाच गोधडीखाली झोपणं ही कुणाची आवड नव्हती. पण इथे एक फरक करायला हवा. अपमान कापडाच्या जुनेपणात नव्हता. दुसरं काही नसण्यात आणि ते दुसऱ्याच्या मर्जीने मिळण्यात होता. जेव्हा घरात दोन-दोन ब्लँकेटं असताना, विकत घेण्याची ऐपत असताना, घर स्वतःच्या कापडातून स्वतःच्या मुलाला गोधडी करून देतं, तेव्हा ती सक्तीची राहत नाही. भिक्षूंचं चीवर तुकडे जोडून शिवलं जाई. मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी त्याची आखणी बुद्धाचा शिष्य आनंद याने केली, असं विनयपिटकात सांगितलेलं आहे. जुन्नरच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या अंगावर तेच होतं आणि राजे-अमात्य त्यापुढे वाकत होते. गाडगेबाबा चिंध्यांचा अंगरखा घालून गावं झाडत फिरले, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, आणि त्याच बाबांनी गोरगरिबांच्या पोरांना शिकवा असा धोशा आयुष्यभर लावला. १९५४ साली कराडला महाविद्यालय काढताना भाऊरावांनी त्याला गाडगेबाबांचंच नाव दिलं. चिंधी आणि विद्या यांचं वैर आपण मागाहून लावून घेतलं.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालायच्या जुन्या पँटी, सदरे, गोण्या जोडून रजया शिवल्या, त्या घरातली थंडी हटवायला. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना झाली. त्याच देशात शाळा संपवून कॉलेजला निघालेल्या मुलाला आईने किंवा आजीने रजई करून देण्याची चाल आहे. त्यात मुलाचे शाळेतले टी-शर्टसुद्धा कापून जोडतात. तिथे ती श्रीमंत घरांतही चालते. ती चाल पाहून इथे करावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे सामग्री, कसब आणि प्रसंग हे तिन्ही आधीपासून आहेत, फक्त ते एकत्र आणलेले नाहीत. आपल्या शाळेनेही या वस्तूची दखल घेतली आहे. डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शालेय मराठी पाठ्यपुस्तकात आली. ज्या मुलाने ती वर्गात वाचली, त्याला घरची गोधडी घेताना कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. मुलाच्या पदवीसाठी आईने आधीच इतकं केलं, आता वर ही गोधडीही तिच्याच गळ्यात घालायची का? रानातून आल्यावर, स्वयंपाकपाणी उरकल्यावर, कंदिलात नाही तरी ट्यूबलाइटखाली डोळे फोडत तिने टाके घालायचे आणि आपण त्याला प्रेम म्हणायचं, हे न्यायाचं नाही. गोधडी जर अशीच होणार असेल तर ती न झालेली बरी. पण गोधडी एकटीने शिवायची वस्तू कधीच नव्हती. ती चार बाजूंनी शिवली जाते. पदवीच्या गोधडीच्या त्या चार बाजूंना कोण बसणार, ते नव्याने ठरवावं. बापाने एक बाजू घ्यावी. सुई पुरुषाच्या हातात शोभत नाही असं म्हणणाऱ्याने संत नामदेव शिंपी होते आणि गावोगावचे शिंपी पुरुषच होते, हे आठवावं. भावंडांनी एक बाजू घ्यावी. ज्याला ती मिळणार त्यानेही एक बाजू घ्यावी, आणि मला वाटतं हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत उन्हाळाभर घरी बसलेल्या मुलाला चार टाके नीट घालता येत नाहीत हे जेव्हा कळतं, तेव्हा आईच्या हातातलं कसब ही विद्या होती हेही त्याला कळतं. आईने मात्र तिला वाटेल तेवढंच करावं. आणि घरात कुणालाच जमत नसेल, तर दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना बसवून, त्या मागतील ती मजुरी घासाघीस न करता देऊन ती करून घ्यावी. त्या भटक्या समाजातल्या बायकांची स्वतःची मुलंही शिकत असतात. त्यांच्या हाताचं नावही कोपऱ्यात यावं.

मग कुणी म्हणेल, तयार गोधडी विकत मिळते, ऑनलाइनसुद्धा मिळते, रंग छान असतात, मग एवढा खटाटोप कशाला? ज्याला फक्त ऊब हवी त्याने सोलापूरची चादर घ्यावी, ती उत्तमच असते. पण विकतच्या गोधडीत आपल्या घरचं कापड नसतं, आणि या वस्तूचा सगळा पुरावा कापडात आहे. खरी अडचण वेगळी आहे. सुती लुगडी संपत चालली आहेत. गेल्या चाळीस वर्षांत रानातही पॉलिस्टरच्या गोल साड्या आल्या, कारण त्या स्वस्त, लवकर वाळणाऱ्या आणि इस्त्रीविना चालणाऱ्या आहेत. ज्या बाईला रोज चिखलात उभं राहायचं आहे तिने त्या का नेसू नयेत? पण त्यांची गोधडी होते ती निसरडी. ती घाम पीत नाही, टाका धरत नाही, आणि विस्तवाजवळ धोक्याची. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि त्याच्याखाली गेला. या तालुक्याने कापडासाठी माणूस दिला आहे. डिंभ्याच्या जलाशयाला त्याचं नाव आहे. त्या तालुक्यातल्या घरांत आज अंगावर घ्यायला देशी सुती कापडाचा एक तुकडा शोधावा लागावा, ही मला खंत करण्यासारखी गोष्ट वाटते. उपाय साधा आहे. जे सुती उरलं आहे ते जपावं, आणि कमी पडेल तिथे आतल्या थराला मांजरपाट किंवा खादी विकत आणून, दोनदा धुऊन वापरावी. वरचे थर जुने, आतला एखादा नवा, यात काही बिघडत नाही. सिंथेटिक साडीचा एखादा तुकडा वरून कापून लावला, कारण ती आईची रोजची साडी होती, तर त्यालाही हरकत नसावी. हे शुद्धतेचं व्रत नाही. आई जे नेसली ते त्यात असायला हवं.

उरलेल्या हरकती किरकोळ आहेत. गोधडी जड असते, वसतिगृहात जागा नसते, परदेशी निघालेल्याच्या बॅगेत वजन मोजून भरावं लागतं. तीन थरांची, एका माणसापुरती गोधडी शिवली की ती सहज नेता येते. चार-पाच थरांची हवी असेल तर ती घरी ठेवावी.

गोधडी हलवता येते, हा तिचा गुण या भागाने फार महाग किंमत देऊन ओळखला आहे. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज या धरणांनीही जमिनी घेतल्या. घराच्या भिंती, अंगण, देवळाचा पार, सारवलेली ओटी यांतलं काही बरोबर नेता येत नाही. अंथरूण-पांघरूण नेता येतं. आज जी मुलं पदवी घेऊन चाकणच्या कारखान्यात, हिंजवडीच्या कंपनीत, किंवा त्याहून लांब जातात, त्यांच्याही बाबतीत घर मागे राहतं. त्यातली बरीच परत येणार नाहीत, आणि त्यांनी यावंच असा हट्ट धरणं योग्य नाही. पण कुणाच्या श्रमावर आपण उभे आहोत, हे ज्याला ठाऊक आहे तो साहेबाच्या खुर्चीवर बसल्यावर समोरच्या मजूर बाईशी वेगळ्या तऱ्हेने बोलेल, असं मला वाटतं. ते ठाऊक राहण्यासाठी भाषण किंवा भिंतीवरचा फोटो पुरत नाही. रोज रात्री अंगावर घ्यायची वस्तू लागते.

पदवीला तीन वर्षं लागतात, नव्या धोरणात कुणी चार घेईल. उन्हाळेही तेवढेच मिळतात. पहिल्या उन्हाळ्यात कापड जमवावं, कुणाचं काय ते एका वहीत लिहून ठेवावं, सगळं धुऊन ठेवावं. दुसऱ्यात थर लावून कच्चे टाके घालावेत. तिसऱ्यात, पापड-कुरडया उरकल्या की चौघांनी बसून ती पुरी करावी. घाई करायची नाही. निकाल लागेपर्यंत नावं भरून झाली म्हणजे झालं. ज्यांच्या घरी यंदा कुणी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गेलं आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे: दिवाळीच्या साफसफाईत पेटीच्या तळाशी आजीची सुती लुगडी सापडतील. दारात बोहारीण आली आणि तिने त्यांवर स्टीलचं पातेलं देऊ केलं, तरी ती देऊ नका.